एका साडीची यादी आणि बर्ट्रांड रसेल

खडेबाजारात एका साड्यांच्या दुकानाच्या माडीवर माझा मावसभाऊ वेब ॲप्लिकेशन्स बनवत बसतो. खालच्या दुकानाचं बिल, स्टॉक, कुठली साडी कुठल्या कपाटात, हे सगळं त्यानंच ब्राउझरवर आणून दिलंय. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्यानं मला वर बोलावून घेतलं. स्क्रीनवर एक लाल ओळ होती आणि ती वाचून वाचून त्याचे डोळे शिणले होते. मी साहित्याची विद्यार्थिनी, कोडमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण त्याला कळणारं माणूस नकोच होतं. कुणीतरी ती ओळ मोठ्यानं वाचावी आणि म्हणजे काय, म्हणजे काय, असं विचारत राहावं, एवढंच हवं होतं.

ओळ अशी होती: टाइपएरर, कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड, रीडिंग टूफिक्स्ड. टूफिक्स्ड म्हणजे किमतीला दोन दशांश लावून ती बिलावर छापायचं काम. किंमतच हातात नाही तर दशांश कशाला लावू, अशी ब्राउझरची तक्रार. दादा दोन तास त्याच ओळीशी झटत होता, आणि चूक तिथं नव्हतीच. साडीचा कोड टाकला की सर्व्हर जे उत्तर पाठवतो ते नेहमी यादी म्हणून पाठवतो. त्या कोडची साडी एकच असली तरी यादीच. दादानं ती यादीच साडी समजून पुढं ढकलली होती. किंमत साडीला असते, यादीला नसते. यादीला किंमत विचारली तेव्हा जावास्क्रिप्टनं तक्रार केली नाही. अनडिफाइन्ड असं पुटपुटून ती पुढं गेली आणि दोन फायली ओलांडल्यावर दशांश लावताना कोसळली. हातात नेमकं काय आलंय हे बघायला दादानं मध्ये टाइपऑफ विचारून पाहिलं होतं. उत्तर आलं, ऑब्जेक्ट. पण ती भाषा साडीलाही ऑब्जेक्ट म्हणते, यादीलाही म्हणते, आणि काहीच नाही या अर्थाच्या नललाही ऑब्जेक्टच म्हणते! यादी आहे का, हे इझॲरे वापरून वेगळं विचारावं लागतं.

एक वस्तू वेगळी आणि ती एकच वस्तू असलेली यादी वेगळी. हे वाक्य मी आधी कुठंतरी वाचलंय असं घरी येताना सारखं वाटत होतं. रात्री आठवलं. बर्ट्रांड रसेलनं म्हातारपणी, १९५९ मध्ये, आपल्या विचारांच्या वाटचालीवर पुस्तक लिहिलं. आपल्याला तरुणपणी कुणाकडून काय मिळालं हे सांगताना त्यात हा मुद्दा येतो. दादाची संध्याकाळ खाणारी चूक टाळायला रसेल तिशीच्या आतच शिकला होता, आणि मग तिच्याच एका मोठ्या बहिणीनं त्याची कितीतरी वर्षं खाल्ली.

रसेलचा जन्म १८ मे १८७२ चा, वेल्समधल्या ट्रेलेक गावचा. आजोबा लॉर्ड जॉन रसेल दोनदा इंग्लंडचे पंतप्रधान झालेले. पण घर लवकर मोडलं. तो दोन वर्षांचा असताना घटसर्पानं आई आणि बहीण गेली, पुढच्या दीड वर्षात वडील गेले. वडील नास्तिक विचारांचे. मुलं धर्मापासून लांब वाढावीत म्हणून त्यांनी मृत्युपत्रात दोन नास्तिक पालक नेमून ठेवले होते. आजी-आजोबा कोर्टात गेले आणि ते फिरवून घेतलं. मग रिचमंड पार्कातल्या पेम्ब्रोक लॉजमध्ये आजीच्या शिस्तीत, रोजच्या प्रार्थनांत, हा मुलगा एकटा एकटा वाढला. आजीनं त्याला दिलेल्या बायबलच्या कोऱ्या पानावर तिचं आवडतं वचन होतं: गर्दी वाईटाकडं निघाली तरी तिच्यामागं जाऊ नये, अशा अर्थाचं. आजीचा देव त्यानं पुढं सोडला. हे वचन मात्र सोडलं नाही.

अकराव्या वर्षी थोरला भाऊ फ्रँक त्याला युक्लिडची भूमिती शिकवायला बसला. बर्टी हरखून गेला. पण सुरुवातीचीच गृहीतकं सिद्ध करून दाखव म्हटल्यावर भाऊ म्हणाला, ती सिद्ध करत नाहीत, मानून चालायची असतात, नाहीतर पुढं जाता येणार नाही. मुलगा हिरमुसला, तरी मानून पुढं गेला. पण ते खुपत राहिलं. गणिताच्या पायाखाली काय आहे, हा प्रश्न त्याला तिथूनच चिकटला.

१८९० मध्ये तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला, १८९४ मध्ये ॲलिस पिअरसॉल स्मिथशी लग्न केलं. खरं वळण आलं १९०० च्या ऑगस्टमध्ये, पॅरिसच्या एका तत्त्वज्ञान परिषदेत. तिथं तूरिनचे गणिती पेआनो सगळ्यांपेक्षा नेमकं बोलत होते. रसेलनं पाहिलं की या माणसाची लिहिण्याची पद्धतच वेगळी आहे. वस्तू आणि एका वस्तूचा संच यांत गल्लत होऊ नये म्हणून पेआनोंकडं वेगळी चिन्हं होती. साहित्याच्या वर्गात आपण ज्याला काथ्याकूट म्हणू, तसला भेद. रसेल त्यांची पुस्तकं घेऊन घरी आला आणि झपाटल्यासारखा कामाला लागला. सगळं गणित शुद्ध तर्कातून उभं करायचं, कुठं काही नुसतं मानून घ्यायचं नाही. फ्रँकचं उत्तर खोडून काढायची वेळ आली होती.

आणि १९०१ मध्ये त्याला ती भेग दिसली.

गणिताची भाषा बाजूला ठेवून सांगते. आपल्या कॉलेजच्या लायब्ररीत पुष्कळ याद्या आहेत असं समजा: कादंबऱ्यांची यादी, कवितासंग्रहांची यादी, याद्यांची यादी. काही याद्यांत त्यांचं स्वतःचं नाव येतं. याद्यांची यादी ही स्वतः एक यादीच, म्हणून ती स्वतःत येते. कादंबऱ्यांची यादी ही कादंबरी नाही, म्हणून ती स्वतःत येत नाही. आता ग्रंथपालांना सांगा, ज्या याद्यांत स्वतःचं नाव नाही अशा सगळ्या याद्यांची एक यादी करा. या नव्या यादीत तिचं स्वतःचं नाव घालायचं का? घातलं तर ती स्वतःचं नाव असलेली यादी झाली, मग तिथं तिला जागा नाही. नाही घातलं तर ती नेमकी त्या यादीत हवी. म्हणजे घातलं तर खोडायचं आणि खोडलं तर घालायचं. (गावातल्या न्हाव्याचं जे कोडं रसेलच्या नावावर फिरतं ते हेच. पण न्हावी आपल्याला दुसऱ्या कुणी सुचवला, असं त्यानं स्वतःच सांगून ठेवलंय.)

सुरुवातीला त्याला वाटलं, आपलंच काहीतरी क्षुल्लक चुकलंय, शोधलं की सापडेल. प्रत्येक प्रोग्रॅमर पहिल्या पाच मिनिटांत असंच समजतो, हे दादानं मला सांगितलं. रसेल एक वर्षभर शोधत होता. मग १६ जून १९०२ ला त्यानं येना इथल्या गॉटलोब फ्रेगे यांना जर्मनमध्ये पत्र लिहिलं. फ्रेगे त्रेपन्न वर्षांचे. गणित तर्कातून उभं करायचं हेच काम त्यांनी उभा जन्म केलेलं, आणि त्यांच्या मोठ्या ग्रंथाचा दुसरा खंड छपाईत. रसेल नुकता तीस पूर्ण झालेला. पत्रात आधी फ्रेगेंच्या कामाबद्दल मनापासून आदर आहे, मग आपल्याला एकाच ठिकाणी अडचण आली असं म्हणून ती अडचण थोडक्या ओळींत मांडली आहे. कशानं बिघडतं, किती लहान उदाहरणात बिघडतं, एवढंच. दादाला मी ते वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला की त्याच्याकडं येणाऱ्या तक्रारींत निम्म्या जरी अशा असत्या तरी तो रोज वेळेवर जेवला असता.

फ्रेगेंनी आठवड्याच्या आत उत्तर पाठवलं. घर बांधून झाल्यावर पाया हलल्याचं कळावं तसं ते पत्र आहे, पण त्यात राग नाही. लपवाछपवी तर नाहीच. १९०३ मध्ये खंड बाहेर आला तो शेवटी नवी पुरवणी जोडून, तीत रसेलची चूक-सूचना आणि फ्रेगेंनी घाईनं सुचवलेली दुरुस्ती. ती दुरुस्तीही टिकली नाही. साठ वर्षांनी रसेलला कुणीतरी या पत्रव्यवहाराबद्दल विचारलं तेव्हा तो नव्वदीत होता, आणि सचोटीचं याहून मोठं उदाहरण आपल्याला माहीत नाही अशा अर्थाचं त्यानं लिहिलं. मला या सगळ्या गोष्टीत रसेलपेक्षा फ्रेगेच जास्त आवडतात, हे इथं कबूल करते.

चूक सापडणं एक आणि दुरुस्त होणं दुसरं. १९०३ आणि १९०४ चे उन्हाळे रसेलनं रोज सकाळी कोरा कागद पुढं घेऊन घालवले, आणि संध्याकाळी तो बहुतेक कोराच असायचा. ॲलिसवर आपलं प्रेम उरलेलं नाही हे त्याआधीच सायकल चालवताना त्याच्या लक्षात आलं होतं, तरी दोघं एका छपराखाली राहत होती. त्या घरातली शांतता वाचताना नकोशी वाटते.

१९०५ मध्ये एक वाट फुटली, ती भलत्याच बाजूनं. जे अस्तित्वातच नाही त्याच्याबद्दल वाक्य बोललं तर त्याचं काय करायचं? त्यानं उदाहरण घेतलं ते फ्रान्सच्या सध्याच्या राजाच्या टकलाचं, कारण फ्रान्सला राजाच नव्हता. मी आपल्यासाठी बदलते: खडेबाजारातल्या बंदराचा कप्तान उंच आहे. खरं की खोटं? उंच माणसांत शोधा, सापडणार नाही. बुटक्यांत शोधा, तिथंही नाही. रसेल म्हणाला, हे एक वाक्य दिसतं पण यात तीन दावे आहेत: असा कुणीतरी आहे, असा एकच आहे, आणि तो उंच आहे. पहिलाच दावा पडतो, म्हणून पूर्ण वाक्य खोटं. उंचीपर्यंत जायचंच नाही. आधी कुणी आहे का ते विचारायचं.

मग १९०८ मध्ये प्रकारांचा सिद्धांत पूर्ण मांडून झाला. त्याचं बीज १९०३ च्याच पुस्तकाच्या पुरवणीत होतं. तळाला वस्तू. त्यांच्या वर वस्तूंचे संच, त्यांच्या वर संचांचे संच, अशा पायऱ्या. अमुक तमुकात आहे का, हा प्रश्न फक्त लगतच्या दोन पायऱ्यांत विचारता येतो. एखादा संच स्वतःतच आहे का, या प्रश्नाचं उत्तर हो नाही आणि नाहीही नाही. तो प्रश्नच तयार होत नाही. खरं आणि खोटं या दोन खणांशेजारी रसेलनं अर्थहीन असा तिसरा खण ठेवला.

आपल्याकडं हे अगदीच परकं नाही. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त वाक्य कशाला म्हणायचं हे सांगताना आकांक्षा आणि आसत्तीबरोबर योग्यता मागितली आहे, आणि योग्यता नसल्याचं नेहमीचं शास्त्री उदाहरण म्हणजे विस्तवानं शिंपणं. विस्तवाची विभक्ती बरोबर, क्रियापदही बरोबर, व्याकरणाची एकही चूक नाही. पण शिंपायला जी वस्तू लागते त्या जातीचा विस्तव नव्हे. दादाच्या यादीला किंमत विचारणं हे विस्तवानं शिंपणंच.

रसेल आणि त्याचे जुने शिक्षक व्हाइटहेड यांनी या पायऱ्यांवर गणित रचत ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ लिहिलं. तीन खंड: १९१०, १९१२, १९१३. एक अधिक एक दोन होणार, एवढं कळायला पहिल्या खंडाचं ३७९ वं पान उजाडतं, आणि तिथंही बेरीज म्हणजे काय ते अजून ठरायचंच असतं. छापण्यात सहाशे पौंडांचं नुकसान होईल असा केंब्रिजच्या प्रेसचा अंदाज होता. तीनशे प्रेसनं सोसले, दोनशे रॉयल सोसायटीनं दिले, उरलेले शंभर दोघा लेखकांनी निम्मे निम्मे भरले. दहा वर्षांच्या मेहनतीची कमाई प्रत्येकी उणे पन्नास पौंड. पायऱ्याही फार गुंतागुंतीच्या झाल्या होत्या. पुढं रॅम्सी नावाच्या तरुणानं त्या सोप्या केल्या आणि १९४० मध्ये अलोन्झो चर्च यांनी प्रिन्स्टनमध्ये त्यांना आणखी सुटसुटीत रूप दिलं.

तिथून दादाच्या लॅपटॉपपर्यंतचा रस्ता सरळ नाही, मधल्या अनेकांनी रसेल वाचलाही नसेल. ऑस्लोमध्ये डाल आणि नीगोर यांनी सिम्युला ६७ या भाषेत क्लास आणि ऑब्जेक्ट आणले. टोनी होअर यांनी १९६५ मध्ये काहीच नाही असं दाखवणारा नल भाषेत ठेवला आणि पुढं त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. १९९५ ची जावास्क्रिप्ट दहा दिवसांत घाईनं बनली, आणि ती चालू असताना समोर जे येईल ते मुकाट घेते. म्हणूनच २०१२ मध्ये टाइपस्क्रिप्ट आली. दादा म्हणतो, ती दारातच पिशवी तपासते. इथं साडी हवी, तू यादी घेऊन आलास, हे ती कोड लिहितानाच सांगते. पण सर्व्हरकडून पुढं खरोखर काय येईल हे तिलाही आधी दिसत नाही, तिथं आपणच तपासावं लागतं.

पहिलं महायुद्ध आलं आणि रसेल तर्कशास्त्रातून रस्त्यावर उतरला. सक्तीच्या लष्करभरतीला विरोध केला म्हणून १९१६ मध्ये शंभर पौंड दंड झाला, ट्रिनिटीनं नोकरीवरून काढलं, १९१८ मध्ये ब्रिक्स्टनच्या तुरुंगात सहा महिन्यांची शिक्षा झाली. आजीच्या बायबलातलं ते कोरं पान आठवा. तुरुंगात त्यानं गणिताच्या तत्त्वज्ञानावर एक सोपं पुस्तक लिहिलं, प्रकारांची ओळख त्यातही आहे. त्याच १९१८ मध्ये मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रसेलच्या समाजाच्या पुनर्रचनेवरच्या पुस्तकाचं परीक्षण एका अर्थशास्त्रीय नियतकालिकात केलं. रसेलचा विरोध युद्धाला आहे, कृतीला नाही, आपल्याकडच्या वाचकांनी त्याला निवृत्तीचा पुरस्कर्ता समजू नये, हा त्यातला कळीचा इशारा. दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एका शब्दाखाली येऊ नयेत याची बाबासाहेबांची जागरूकता बघून मला पेआनो आठवले. पुढं एप्रिल १९२५ मध्ये बाबासाहेब आपल्या निपाणीला बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले होते.

रसेलची नंतरची बरीच वर्षं मी भरभर ओलांडते. चार लग्नं, एक शाळा, अमेरिकेत मिळालेली आणि कोर्टानं काढून घेतलेली प्राध्यापकी, १९५० चं साहित्याचं नोबेल (कथा तो ऐंशीच्या घरात गेल्यावर लिहू लागला, नोबेल त्याआधीच मिळालं होतं). थांबते ती जानेवारी १९४८ पाशी. बीबीसीवर देवाच्या अस्तित्वाविषयी रसेल आणि जेझुइट फादर फ्रेडरिक कॉपलस्टन यांचा संवाद झाला. १९२७ मध्ये आपण ख्रिस्ती का नाही हे रसेलनं जाहीर सांगून टाकलं होतं. ते पुस्तक माझ्या दप्तरात आईला दिसलं तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त जेवणाआधीची प्रार्थना त्या दिवशी मलाच म्हणायला सांगितली.

त्या संवादात फादर विचारतात, या सगळ्या विश्वाला काही कारण नको का? रसेलचं उत्तर तेच जुनं हत्यार आहे. प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून मानवजातीला आई असलीच पाहिजे असं होत नाही. मानवजात वेगळ्या पायरीवरची गोष्ट. साडीला किंमत असते, यादीला नसते! दादाच्या माडीवरून आल्यानंतर हे पुन्हा वाचलं आणि मला घाम फुटला, कारण मुद्दा खरंच बिनतोड वाटला. दोन दिवसांनी परत वाचलं. फादर म्हणत होते की मी एकेका वस्तूचं कारण घेऊन ढिगाला चिकटवत नाहीये. ज्या वस्तू स्वतःच्या बळावर नाहीत त्या कितीही एकापुढं एक मांडल्या तरी रांगही स्वतःच्या बळावर उभी राहत नाही, एवढंच म्हणतोय. म्हणजे त्यांनी पायरी चुकवलेली नव्हती. ढिगाचे काही गुण वस्तूंकडून येतात, काही येत नाहीत. सगळ्या विटा लहान म्हणून भिंत लहान नसते, पण सगळ्या विटा लाल असल्या की भिंत लाल असते. यातला कुठला गुण कुठल्या जातीचा, ते प्रकारांचा सिद्धांत सांगत नाही. मी मास चुकवलेलं नाही, आणि ते पुस्तकही परत केलेलं नाही.

१९५६ मध्ये अमेरिकेत न्यूएल, शॉ आणि सायमन यांच्या प्रोग्रॅमनं ‘प्रिन्सिपिया’च्या दुसऱ्या प्रकरणातल्या पहिल्या बावन्न प्रमेयांपैकी अडतीस सिद्ध केली. सायमन यांनी रसेलला कळवलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या रसेलला आनंदच झाला. हे यंत्रानं होतं हे आधी ठाऊक असतं तर मी आणि व्हाइटहेडनं दहा वर्षं हातानं घासली नसती, असं त्याचं उत्तर. १९६१ मध्ये अण्वस्त्रांविरोधी सत्याग्रहासाठी एकोणनव्वदाव्या वर्षी तो पुन्हा ब्रिक्स्टनला आठवडाभर राहून आला. २ फेब्रुवारी १९७० ला वेल्समध्येच वारला. कुठलाही धार्मिक विधी झाला नाही, रक्षा वेल्सच्या डोंगरांवर सोडली. मी त्याच्यासाठी एक मेणबत्ती लावली होती. त्याला ते अर्थहीन वाटलं असतं.

दादानं त्या रात्रीच यादीतली पहिली साडी काढून घ्यायची ओळ घातली आणि बिल छापून निघालं. मी खाली उतरत होते तेवढ्यात काउंटरवरच्या पोरानं चुकून एक आकडा जास्त असलेला कोड टाकला. अशी साडीच दुकानात नव्हती. सर्व्हरनं यादी पाठवली, रिकामी. तिच्यातली पहिली साडी म्हणजे अनडिफाइन्ड. वरून दादाची हाक आली. फ्रान्सचा राजा आला होता, आणि मी पुन्हा जिना चढले.